‘पायाची उष्णता’ आणि केरॅटिनचा पीळ

वाळा | ११ मे, रात्री ९:४०

आमच्या घरात ‘पायाची उष्णता’ हा शब्द तीन पिढ्या चालत आलाय. बाबांना होती, भावाला आहे, आणि आता चार वर्षांच्या भाच्याला. मार्च लागला की तळव्यांवर पाण्याने भरलेले फोड येतात. जास्त चाललं, नवी चप्पल घातली की हमखास. सब्जा, गुलकंद, पायाला मेंदी, कूलरच्या ताटीखाली पाय पसरून बसणं, सगळं करून झालं. दिवाळीनंतर फोड कमी व्हायचे, म्हणून ‘उष्णता गेली’ असं सगळे म्हणायचे.

यंदा त्वचेच्या डॉक्टरांनी भाच्याची जनुक तपासणी करायला सांगितली. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला: केरॅटिन १४ या त्वचेच्या पेशींतल्या प्रोटीनच्या जनुकात एक अक्षर बदललंय. आजाराचं नाव एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स. यातला सौम्य प्रकार, हातापायांपुरता राहणारा.

मी बावीस वर्षं नागपुरात जीवरसायनशास्त्र शिकवते. केरॅटिन ज्या कुळातलं, त्या इंटरमीजिएट फिलामेंट्सचा, म्हणजे पेशीतल्या मधल्या जाडीच्या तंतूंचा, धडा दरवर्षी फळ्यावर काढते. घरातल्या पायांपर्यंत तो धडा मी कधी नेला नाही, याचं फार वाईट वाटतंय. नातेवाइकांचे फोन येताहेत: रक्त खराब आहे का, गरोदरपणात काही खाल्लं होतं का. एकेकाला सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते. लिंक त्यांना पाठवीन.

पेशीत तीन प्रकारचे दोर असतात. अॅक्टिन, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा. मायक्रोट्यूब्यूल, २५ नॅनोमीटरची पोकळ नळी. आणि हे आपले इंटरमीजिएट फिलामेंट्स, साधारण १० नॅनोमीटरचे. पहिले दोन सतत मोडतात, बांधले जातात, आणि त्यांच्या बांधणीत एटीपी किंवा जीटीपी हे पेशीचं इंधन खर्ची पडतं. तिसऱ्याला असं इंधन लागत नाही. त्याचे रेणू एकमेकांजवळ आले की आपणहून जुळतात. माणसात या कुळाची सुमारे ७० जनुकं आहेत, त्यांतली ५४ एकट्या केरॅटिनची. स्नायूत डेस्मिन, मज्जातंतूत न्यूरोफिलामेंट, संयोजी ऊतीत व्हायमेंटिन, केंद्रकाच्या आतून लॅमिन. त्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातल्या पेशींत केरॅटिन ५ आणि केरॅटिन १४.

आता बांधणी. प्रत्येक रेणूचा मधला भाग लांब दांड्यासारखा, सुमारे ३१० अमिनो आम्लांचा, स्प्रिंगसारखा वळलेला. त्याच्या एका टोकाला डोकं, दुसऱ्याला शेपूट, दोन्ही सैल. असे दोन रेणू एकाच दिशेला तोंड करून एकमेकांभोवती वळतात. ही जोडी, ४५ नॅनोमीटरच्या आसपास लांब. केरॅटिनची जोडी नेहमी मिश्र असते: एक ५ चा, एक १४ चा. एकट्या १४ चा तंतू होत नाही.

मग दोन जोड्या उलटसुलट तोंडं करून, निम्म्या सरकलेल्या अशा शेजारी लागतात. ही झाली चौकडी. पुढची पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. या चौकड्या एकापुढे एक न लागता आधी बाजूबाजूने जुळतात. आठ चौकड्यांची एक आखूड, जाड मोळी होते, ६० नॅनोमीटरच्या आसपास लांब आणि १६-१७ नॅनोमीटर जाड. तिला युनिट लेंग्थ फिलामेंट म्हणतात. प्रयोगशाळेत व्हायमेंटिनच्या द्रावणात मीठ टाकलं की एक-दोन सेकंदांत या मोळ्या दिसू लागतात. मग मोळीच्या टोकाला मोळी जुळते, दोर लांबतो, आणि सरतेशेवटी आतून आवळून १०-११ नॅनोमीटरवर येतो.

म्हणजे दोराच्या कुठल्याही जागी काप घेतला तरी तिथे बत्तीस रेणू. भाच्याच्या बाबतीत घोळ इथेच आहे. त्याच्याकडे १४ च्या जनुकाच्या दोन प्रती. एक चांगली, एक बदललेली. निम्मे रेणू चांगले, निम्मे बदललेले. बत्तिसातले सोळा हे १४ चे. सोळाच्या सोळा चांगले निघण्याची शक्यता किती? दोनाचा सोळावा घात, म्हणजे ६५,५३६ मध्ये एक. त्याच्या त्वचेत निर्दोष मोळी जवळजवळ नाहीच.

रक्ताचा यात काहीही संबंध नाही. गरोदरपणातल्या खाण्याचाही नाही.

—

बारावीबायो | ११ मे, रात्री १०:१५

मॅडम, खूप छान समजलं. दोन शंका. यांना ‘इंटरमीजिएट’ का म्हणतात? जाडी मधली म्हणून का? आणि काइनेसिन, डायनीन ही मोटर प्रोटीनं मायक्रोट्यूब्यूलवर चालतात, तसं यांच्यावर कोणी चालतं का?

—

वाळा | ११ मे, रात्री १०:५०

नाव जाडीवरूनच पडलंय, पण तुलना वेगळी होती. १९६८ मध्ये इशिकावा, बिशॉफ आणि होल्टझर यांनी वाढवलेल्या स्नायूपेशींत हे तंतू पाहिले. तिथे अॅक्टिनचा बारीक तंतू आणि मायोसिनचा जाड तंतू, यांच्या मधला म्हणून ‘मधला’.

दुसऱ्या शंकेचं उत्तर चौकडीत आहे. दोन जोड्या उलटसुलट लागल्या की चौकडीची दोन्ही टोकं सारखीच होतात. तिच्यापासून केलेल्या दोरालाही डावं-उजवं टोक उरत नाही. अॅक्टिन आणि मायक्रोट्यूब्यूलला ‘अधिक’ आणि ‘उणे’ टोक असतं, म्हणून त्यांच्यावर मोटर प्रोटीन एका दिशेने चालू शकतं. इथे दिशाच नाही, त्यामुळे यांच्यावर कोणी चालत नाही. उलट व्हायमेंटिनच्या मोळ्या आणि आखूड तुकडे मायक्रोट्यूब्यूलवरून वाहून नेले जातात.

परीक्षेत ‘ध्रुवीयता नाही’ एवढंच लिहितात. ‘का नाही’ हेही लिहून बघ, तुझं तुलाच पक्कं होईल.

—

गोळीबार चौक | १२ मे, सकाळी ७:०५

ताई, मी विज्ञान शिकलेला नाही. घरात माग होते, मीही तीस वर्षं मागावर बसलो. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. आमचं सूत पण असंच असते. कापसाचा एक धागा बोटाच्या दोन पेराएवढा, पण त्याचं सूत मैलभर जाते, कारण धागे एकमेकांवर सरकून धरतात. दोन पदरी करताना पहिल्या पिळाच्या उलट पीळ देतात, नाहीतर सुटते.

पण मले एक समजत नाही. सुताले पीळ देणारा कोणी तरी लागते. चरखा लागते, चाती लागते. इथं पीळ देते कोण?

—

वाळा | १२ मे, सकाळी ८:३०

काका, माझ्या इतक्या वर्षांच्या वर्गात इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता. कॉलेजला निघायच्या आत उत्तर लिहून जाते.

पीळ देणारं कोणी नाही. पीळ रेणूच्या मापातच आहे. एकट्या रेणूची स्प्रिंग उजव्या वळणाची. तिच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात. आता त्या रेणूवर दर सात घरांचा, म्हणजे सात अमिनो आम्लांचा, एक नमुना फिरत राहतो. सातातली पहिली आणि चौथी जागा बहुतेक पाण्याला नकोशी, तेलकट स्वभावाची. दोन वेढ्यांत बसतात ७.२ घरं, आणि नमुना सातचा. दर दोन वेढ्यांमागे ०.२ चा फरक पडतो. त्यामुळे तेलकट जागांची पट्टी दांड्यावरून सरळ खाली न उतरता हळूहळू तिरपी सरकत जाते.

दोन दांडे शेजारी आले की दोघांच्या तेलकट पट्ट्या पाण्यापासून लपायला एकमेकींना चिकटतात. पट्टी तिरपी असल्याने दांड्यांना एकमेकांभोवती वळावंच लागतं, आणि ते वळण येतं डावं. आत उजवं, बाहेर डावं. तुमचा उलट पीळच! हा हिशेब फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडला.

आणि धागे सरकून धरतात हे तुम्ही म्हणालात, तेच चौकडीत ‘निम्म्या सरकलेल्या जोड्या’ म्हणून मी लिहिलंय. टोक टोकाशी नुसतं भिडलं असतं तर त्या सांध्यावर दोर तुटला असता. सरकवून लावल्यामुळे एकाचा सांधा दुसऱ्याच्या मध्यावर येतो.

—

गोळीबार चौक | १२ मे, सकाळी ९:१०

समजलं. पीळ मापातूनच येते. आता पुढचं सांगा. एक धागा खराब निघाला तर सूत तिथं बारीक होते, पण सगळा ताणा तुटत नाही. मग पोराच्या पायाले एवढा त्रास काहून?

—

वाळा | १२ मे, दुपारी २:२०

कारण सुतातला खराब धागा तुम्हाला चिमटीने काढून टाकता येतो. पेशीला इथे निवड करता येत नाही. बदललेला रेणू जोडीत बसण्याइतका चांगला असतो, म्हणून आत शिरतो. शिरला की पुढच्या पायऱ्यांत अडथळा होतो.

याचा पुरावा मला स्वतःला फार बोलका वाटतो. काही माणसांत १४ च्या जनुकाची एक प्रत पूर्ण निकामी असते, तिच्यापासून रेणू तयारच होत नाही. त्यांच्यात निम्माच माल, पण सगळा चांगला. त्यांना काहीही त्रास नसतो. भाच्याकडे चांगला मालही तेवढाच निम्मा आहे. त्रास होतो तो त्यात मिसळलेल्या दुसऱ्या निम्म्यामुळे.

बदल रेणूच्या कुठल्या जागी आहे यावर किती त्रास होणार हे बरंचसं ठरतं. दांड्याच्या अगदी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बांधणीत सगळ्यात नाजूक, कारण शेजारचे रेणू तिथेच एकमेकांत अडकतात. केरॅटिन १४ मधली १२५ वी जागा अशीच, सुरुवातीच्या भागातली. तिथलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल बदललं तर तीव्र आजार होतो आणि पेशीत जाळ्याऐवजी केरॅटिनचे गोळे दिसतात. भाच्याचा बदल दांड्याच्या मधल्या, सैल सांध्याजवळ आहे. त्याच्या पेशीत जाळं बनतं, पण ताण आला की टिकत नाही.

फोड होतो तेव्हा त्वचेचे दोन थर एकमेकांपासून सुटतात असं आपल्याला वाटतं. या आजारात तसं नसतं. खालच्या थरातली पेशी स्वतःच, तिच्या तळाकडच्या भागात फाटते. त्या पेशींना आतून धरणारं हेच जाळं असतं. चालताना तळव्याला जो घासता ताण बसतो, तो पेलायला ते कमी पडतं.

—

गोंडवन | १२ मे, रात्री ८:४५

आमच्या घरात सिकलसेल आहे. विदर्भात हे नाव कोणाला सांगावं लागत नाही. ताई, तुम्ही ‘एक अक्षर बदललं’ लिहिलं तेव्हा काळजात चर्र झालं, कारण आम्हालाही डॉक्टरांनी हेच वाक्य सांगितलं होतं. पण आमच्यात एक प्रत बदललेली असलेल्यांना सहसा त्रास नसतो, दोन असतील त्यांना असतो. तुमच्यात एकानेच का होतो?

—

वाळा | १२ मे, रात्री ९:३०

तुमचा प्रश्न वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. शिकवताना मी या दोन गोष्टी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं. प्राणवायू सुटला की एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं आणि चौदा सरींचा ताठ दोर तयार होतो. हिमोग्लोबिनने खरं तर मोकळं तरंगायचं. ज्याने दोर व्हायचं नाही तो दोर होतो, आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. निम्मं चांगलं हिमोग्लोबिन मिसळलेलं असेल तर तो दोर सहजी वाढत नाही, म्हणून एक प्रत असलेले बहुधा ठीक असतात.

केरॅटिनने दोर व्हायचंच असतं. तिथे चांगल्याबरोबर बदललेला रेणू दोरात जातो आणि दोर कच्चा होतो. त्यामुळे तुमच्याकडे मिसळ तारते, आमच्याकडे मारते.

तुमच्या घरच्यांना सांभाळा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नका, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

—

शीतदर्शी | १३ मे, सकाळी ११:००

धागा उत्तम. एक दुरुस्ती सुचवतो. बत्तीस हा आकडा जुन्या मोजणीतून, मुख्यतः व्हायमेंटिनच्या वस्तुमानावरून रूढ झाला. २०२४ मध्ये झुरिचच्या गटाने पेशीतलेच व्हायमेंटिन तंतू गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना कापात चाळीस साखळ्या दिसल्या: पाच उपदोर, प्रत्येकात आठ. शिवाय रेणूंची सैल डोकी तंतूच्या पोकळीत आत वळून मधोमध एक गाभा करतात. डोकं म्हणजे नुसतं लोंबणारं टोक, असं आता म्हणता येत नाही.

लॅमिनचाही उल्लेख हवा होता. त्याची बांधणी वेगळी आहे.

—

वाळा | १३ मे, दुपारी १:१५

दुरुस्ती मान्य. वर बत्तीस लिहिलं ते पाठ्यपुस्तकी सवयीने. केरॅटिनच्या दोराची जाडी तर एकाच दोरात जागोजागी बदलते, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे लावणं तसंही बरोबर नाही. माझा मुद्दा मात्र आणखी घट्ट होतो. चाळीस धरले तर १४ चे वीस, आणि सगळे चांगले निघण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक.

डोक्याबद्दल: ते आर्जिनिनने भरलेलं, म्हणून धनभारित असतं. ते कापून टाकलं तर व्हायमेंटिनची बांधणी चौकडीपुढे जातच नाही. पेशी हीच कळ वापरते. डोक्यावर फॉस्फेट बसवलं की ऋणभार येतो आणि बांधणी सैल होते. इंधन न लागता जुळणारी गोष्ट सोडवायला मात्र पेशीला एटीपी मोजावं लागतं.

लॅमिन: ते बाजूबाजूने जुळण्याआधी डोकं-शेपटी असं एकापुढे एक लागतं, आणि पेशीतला त्याचा तंतू जेमतेम ३.५ नॅनोमीटर जाड असतो. पेशी विभागताना सीडीके१ हे विकर त्यावर फॉस्फेट बसवतं, केंद्रकाचं हे आतलं अस्तर विरघळतं, आणि दोन नवी केंद्रकं झाल्यावर पुन्हा बांधलं जातं. लॅमिनवर वेगळा धागा काढायला हवा, तुम्हीच काढा.

—

स्लाईडवाली | १३ मे, सायंकाळी ६:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. गाठीचा तुकडा आला आणि मूळ कळत नसेल तर आम्ही सायटोकेरॅटिन, व्हायमेंटिन, डेस्मिनचे रंग लावतो. कोणता लागला त्यावरून गाठ अस्तराच्या पेशींतून आली की स्नायूतून, याचा अंदाज येतो. रोज हात त्यावर असतो, पण हे दोर बनतात कसे हे आज वाचलं. ताई, मला हे विचारायचंय की उन्हाळ्यातच का वाढतं? घामाने कातडी मऊ होते म्हणून?

—

वाळा | १३ मे, रात्री ९:००

घाम आणि घर्षण हे एक कारण आहेच. ओली कातडी चपलेला जास्त घासते. दुसरं कारण पेशीच्या आतलं. या आजाराच्या तीव्र प्रकारातल्या रुग्णांच्या पेशी बशीत वाढवून थोडा वेळ जास्त तापमानात ठेवल्या, तर केरॅटिनचं जाळं कोसळून त्याचे गोळे होतात, आणि ते पूर्ववत व्हायला निरोगी पेशींपेक्षा जास्त वेळ लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बाबा कापसाच्या गाड्यांमागे अनवाणी चालायचे. त्यांच्या तळव्यांचं काय होत असेल, हे आता डोळ्यांपुढे येतं.

‘उष्णता’ हा आमचा शब्द म्हणजे नुसता गैरसमज होता, असं मी आता म्हणणार नाही. घरच्यांनी बरोबर पाहिलं होतं. गुलकंदाने ते थांबणार नव्हतं, इतकंच.

निरोगी दोर किती सोसतो तेही लिहिते. एकेक तंतू ताणून पाहिला तर तो मूळ लांबीच्या अडीच ते साडेतीन पट होईपर्यंत तुटत नाही. अॅक्टिन त्याच्या कितीतरी आधी तुटतो. ताणताना स्प्रिंगा उलगडतात आणि रेणू सपाट पट्ट्यांसारखे एकमेकांलगत बसतात. लोकरीच्या बाबतीत हा बदल विल्यम अॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकातच क्ष-किरणांनी टिपला होता. लोकर, केस, नखं, बैलाचं शिंग, सगळं याच कुळातलं.

—

बारावीबायो | १४ मे, दुपारी १२:४०

मॅडम, केरॅटिनमुळे हा आजार होतो हे कळलं कसं? रुग्णांचं जनुक तपासून?

—

वाळा | १४ मे, दुपारी ३:१०

उलट वाटेने कळलं. शिकागोत एलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत बांधणीचाच अभ्यास चालू होता: केरॅटिन १४ चे तुकडे पाडायचे, आणि कोणता तुकडा गेल्यावर जाळं कोसळतं ते पाहायचं. असं बिघडवलेलं केरॅटिन त्यांनी उंदरांत घातलं, तर पिल्लांच्या कातडीला फोड आले. मग माणसात असा कोणता आजार आहे याचा शोध सुरू झाला, तो या आजाराशी जुळला, आणि रुग्णांची जनुकं तपासली तर बदल तिथेच सापडले. हे १९९१ साल. माझी शाळा तेव्हा चालू होती, आणि भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर खेळायला येत नसे.

—

गोळीबार चौक | १४ मे, सायंकाळी ५:३०

ताई, पोराच्या पायाले कोणतं कापड चालते? माझ्याकडे बारीक सुताचं मऊ सुती कापड आहे, घरच्या मागावरचं. चार-पाच वेळा धुतलेलं. चपलेत आतून लावाले देतो.

—

वाळा | १४ मे, सायंकाळी ६:०५

काका, नक्की द्या. मऊ आणि घाम शोषणारं हवं, आणि शिवण पायाला लागायला नको. मोजे आम्ही उलटे घालतो, शिवण बाहेरच्या बाजूला. डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. रविवारी सकाळी भाच्याला घेऊन तुमच्याकडे येते. ऊन चढायच्या आत येऊ. त्याला माग पाहायचाय.